दिल्लीचा किंग आणि पोर्तो रिकोचा ठेका



मागच्या भाऊबीजेला मी इंदिरापुरमला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झालं, ताटात पाकीट पडलं, आणि भाचा आतल्या खोलीतून एक प्लास्टिकची फाइल घेऊन आला. "मामा, जरा बघशील?" आत चौदा पानांचा करार होता. एका म्युझिक कंपनीचा. कंपनीचं नाव सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. भाचा एकोणीस वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. रात्री पांघरुणात तोंड घालून फोनवर गाणी रेकॉर्ड करतो, कारण घरात तेवढीच जागा शांत असते. त्यातली दोन गाणी त्याने इन्स्टाग्रामवर टाकली होती आणि ती कुणाच्या तरी कानावर पडली. कंपनीला पाच गाणी हवी होती. पाचांचे मिळून पंचवीस हजार रुपये.

बहीण म्हणाली, "पैसे तर देतायत ना रे दादा? आपल्याला मागत तर नाहीयेत." तिचंही चूक नाही. या धंद्यात उलटे पैसे मागणारेच जास्त भेटतात.

आणि भाचा म्हणाला, "मामा, किंगनेही असंच काहीतरी सही केलं असेल ना?"

किंगने काय सही केलं ते मला ठाऊक नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी गेली सत्तावीस वर्षं नोएडात आवाज रेकॉर्ड करण्याचं काम करतो. सेक्टरमधल्या एका घराच्या तळघरात माझा छोटा स्टुडिओ आहे. भजनं, जाहिराती, निवडणुकीची गाणी, कुणाच्या तरी लग्नात वाजवायचं 'सरप्राइज' गाणं, जे येईल ते करतो. त्यामुळे आजचं बोलणं एका गायकाबद्दल असलं तरी ते माझ्या बाजूने, म्हणजे काचेच्या अलीकडून असेल.

किंग म्हणजे अर्पण कुमार चंदेल. दिल्लीचा मुलगा. इथे बसलेल्या पन्नाशीपुढच्या मंडळींना नाव कदाचित माहीत नसेल, पण गाणं तुम्ही ऐकलेलं आहे. 'मान मेरी जान'. घरात पंधरा ते तीस वयाचं कुणी असेल तर तुमची सुटका झालेलीच नाही.

हा मुलगा यूट्यूबवर रॅप टाकत होता. २०१९ मध्ये एमटीव्हीवर 'हसल' नावाची रॅपची स्पर्धा सुरू झाली. परीक्षक होते रफ्तार, न्यूक्लिया आणि राजा कुमारी. किंग शेवटच्या पाचांत पोचला, पण जिंकला नाही. जिंकली एम झी बेला. पुढची गोष्ट सांगण्याआधी हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे स्पर्धा हरली की आईबाप म्हणतात, झालं ना आता, बस अभ्यासाला. स्पर्धेने त्याला चषक दिला नाही, पण ओळखीचा चेहरा दिला. त्या चेहऱ्याचं काय करायचं ते त्याने पुढच्या वर्षी दाखवलं.

२०२० चं साल तुम्हाला आठवतच असेल. सगळे घरात. जूनच्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं. त्याच वर्षी किंगचा 'द कार्निव्हल' हा अल्बम आला आणि त्यातलं 'तू आके देखले' हे गाणं पसरलं. गाणं रॅपरचं, पण त्यात बढाई नाही. मी कोण, माझी गाडी कोणती, माझे दुश्मन कसे जळतात, यातलं काही नाही. एक मुलगा एका मुलीला काहीतरी समजावतोय, आणि त्याला खात्री नाही की तिला पटेल. रॅपर गाऊ लागला होता.

मग ऑक्टोबर २०२२ मध्ये 'शॅम्पेन टॉक' हा अल्बम आला. त्यात 'मान मेरी जान' होतं. सिनेमा नाही, हिरो नाही, स्वित्झर्लंड नाही. मार्च २०२३ मध्ये त्याच गाण्याची दुसरी आवृत्ती आली, 'आफ्टरलाइफ' नावाची, आणि त्यात अमेरिकेचा निक जोनास गायला होता, हिंदी ओळीसकट. आपला जावई म्हणून तो आपल्याला ठाऊक, पण गाण्याच्या जगात तो दोन दशकं आहे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा महोत्सवात जोनास बंधूंचा कार्यक्रम चालू असताना किंग मंचावर आला आणि दोघांनी ते गाणं म्हटलं. ज्या स्पर्धेत तो हरला होता तिच्या दुसऱ्या पर्वात तोपर्यंत तो एका तुकडीचा प्रमुख म्हणून खुर्चीवर बसून आलेला होता.

'मान मेरी जान'च्या श्रेयनामावलीत संगीतनिर्माता म्हणून नाव आहे सौरभ लोखंडे. आडनाव वाचून मी खुर्चीतच ताठ झालो. दिल्लीतल्या मराठी माणसाला ही खोड असते, श्रेयनामावलीत आपलं कुणी आहे का ते आधी शोधतो.

आता मी पोर्तो रिकोला जाणार आहे. घाबरू नका, लवकर परत येईन.

(टेबलावर) हे ऐका. एक ते आठ मोजा. पहिल्या आणि पाचव्या आकड्यावर पाय आपटा. चौथ्या आणि सातव्यावर टाळी द्या. एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात-आठ. आता वेग वाढवा. झालं, हाच रेगेटॉन. तीन, तीन आणि दोन अशी आठांची फोड. आपला केरवाही आठ मात्रांचाच, त्यामुळे आपल्या कमरेला हे परकं वाटत नाही. व्हिडिओ बघणाऱ्यांनी इथे थांबवून करून बघा, शेजारी काय म्हणतील त्याची काळजी करू नका.

हा ठेका आला जमैकातून. तिथे स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने १९८९ च्या सुमारास बसवलेल्या एका चौकटीपर्यंत त्याचा माग लागतो. नंतर शॅबा रँक्स या गायकाचं 'डेम बो' नावाचं गाणं आलं आणि त्या गाण्याचं नावच ठेक्याला चिकटलं. पनामात कालवा खणायला गेलेल्या कॅरिबियन मजुरांची नातवंडं स्पॅनिशमध्ये रेगे म्हणत होती. हे सगळं पोर्तो रिकोत पोचलं आणि तिथल्या सान हुआन शहरातल्या गरीब वस्त्यांमधल्या पोरांनी ते उचललं. डीजे प्लेयेरोसारखी मंडळी घरच्या घरी कॅसेट भरायची. कॅसेट हातोहात जायची. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. १९९५ मध्ये तिथल्या पोलिसांनी दुकानांवर छापे घालून या कॅसेट जप्त केल्या. २००२ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये या गाण्यांच्या अश्लीलतेवर सुनावण्या झाल्या. गाणी अश्लील होती का? बरीचशी होती. त्यात बाई म्हणजे वस्तू होती, हे कुणी नाकारत नाही.

मग या संगीताने वळण घेतलं. २००४ मध्ये डॅडी यांकीचं 'गॅसोलिना' आलं आणि जगभर वाजलं. ते बसवणारी लुनी ट्यून्स ही जोडी त्याआधी हार्वर्ड विद्यापीठाच्या खानावळीत कामाला होती, हे मला फार आवडतं. त्याच सुमारास काही गायकांनी नाचाचा ठेका तसाच ठेवला आणि वर प्रेमाची, विरहाची चाल बसवली. आर.के.एम. आणि केन-वाय या जोडीचा २००६ चा अल्बम त्याच वळणाचा. पाय डिस्कोत आणि गळा बोलेरोत, असं काहीसं. बोलेरो म्हणजे त्यांच्याकडची जुनी प्रेमगीतं, आपल्याकडे आजी गुणगुणते तशी. आणि गंमत बघा, ज्या गाण्यांना आईबाप घरात येऊ देत नव्हते ती आता आईच स्वयंपाकघरात लावू लागली.

या रांगेत निकी जॅम आहे. त्याची गोष्ट मी भाच्याला मुद्दाम सांगितली. जन्म अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये, दहाएक वर्षांचा असताना पोर्तो रिकोत आला. सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरता भरता रॅप करायचा. तिथेच एका रेकॉर्ड कंपनीवाल्याच्या बायकोने त्याला ऐकलं. चौदाव्या वर्षी पहिला रेकॉर्ड. मग डॅडी यांकीबरोबर जोडी, मग व्यसन, मग भांडण, मग काहीच नाही. सगळ्यांनी त्याला संपलेला धरला. तो उठून कोलंबियातल्या मेदेयीन शहरात गेला आणि तिथे पुन्हा खालून सुरुवात केली. २०१५ मध्ये 'एल पेरदोन' आलं, एन्रिके इग्लेसियासबरोबर. पेरदोन म्हणजे क्षमा. अमेरिकेतल्या लॅटिन गाण्यांच्या यादीत ते तीस आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. (बॅड बनीही सुपरमार्केटमध्ये पिशव्याच भरायचा. तिथल्या पिशव्यांत काहीतरी असावं.)

आणि दोन वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, 'देस्पासितो'. लुई फोन्सी हा मुळात प्रेमगीतं गाणारा माणूस, त्याने डॅडी यांकीला बरोबर घेतलं. गाणं आधी स्वतःच्या बळावर गाजलं. एप्रिलमध्ये जस्टिन बीबरने त्यात स्पॅनिश ओळी म्हटल्या आणि मग ते अमेरिकेच्या मुख्य यादीत सोळा आठवडे पहिलं राहिलं.

आता किंगची गोष्ट पुन्हा आठवा. रॅप, मग प्रेमगीत. सिनेमाशिवाय गाजलेलं गाणं. मग अमेरिकन गायक येऊन आपल्या भाषेतली ओळ म्हणतो. किंग रेगेटॉन गात नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण त्याची वाट तीच आहे.

आणि दिल्लीतली पार्श्वभूमीही तशीच होती. ३१ डिसेंबर २०१२ ची गोष्ट. निर्भया प्रकरणाने दिल्ली पेटलेली होती. गुडगावच्या एका हॉटेलात हनी सिंगचा नववर्षाचा कार्यक्रम ठरला होता. त्याच्या नावावर फिरणाऱ्या एका अत्यंत घाणेरड्या गाण्यावरून लोकांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या आणि कार्यक्रम रद्द झाला. ते गाणं माझं नाहीच, असं हनी सिंगने सांगितलं. पण तेव्हा पहिल्यांदा या शहराने आपल्या लग्नांत, आपल्या गाड्यांत काय वाजतंय ते नीट ऐकलं. माझ्या स्टुडिओत तेव्हा येणारी पोरं मला म्हणायची, सर, आवाज जरा 'मर्दाना' करा. म्हणजे खर्ज वाढवा. आज येणारी पोरं म्हणतात, सर, श्वास ऐकू येऊ द्या. दहा वर्षांतला फरक मला विचाराल तर एवढाच आहे, आणि तो छोटा नाही.

श्वास ऐकू येणं म्हणजे काय ते सांगतो, कारण हा माझा विषय. जुन्या सिनेमात गायक मायक्रोफोनपासून लांब उभा राहायचा आणि मागे साठ वादक. आवाज लांबून येतो, सभागृहात बसल्यासारखा. आजचा मुलगा माइकच्या इतका जवळ गातो की ओठ उघडल्याचा आवाज येतो. मागे एक गिटार, थोडा खर्ज, मोजकी टाळी. बाकी जागा रिकामी. कारण हे गाणं फोनच्या नखाएवढ्या स्पीकरवर किंवा कानातल्या गोळीवर वाजणार असतं. तिथे साठ व्हायोलिनांचा चिखल होतो. एकटा आवाज मात्र थेट कानात बोलतो. शिवाय चाल अशी की सप्तकाच्या आतबाहेर फार धावपळ नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर ज्याला गाता येत नाही त्यालाही म्हणता यावी. जाणकार याला नाकं मुरडतात. मीही मुरडायचो. पण सोपी चाल बसवणं किती कठीण असतं हे मी काचेच्या अलीकडून पाहिलंय. दहा वेळा गाऊन दहावी वेळ ठेवायची आणि ती पहिली वाटली पाहिजे.

दिल्लीत असं एकट्या आवाजाचं गाणं किंगच्याही आधी एकाने करून दाखवलं होतं. प्रतीक कुहाड. जयपूरचा, न्यूयॉर्क विद्यापीठात शिकलेला. २०१३ मध्ये तो दिल्लीत आला आणि गिटार घेऊन छोट्या जागांत गाऊ लागला. २०१५ मध्ये 'इन टोकन्स अँड चार्म्स'. २०१८ मध्ये 'कोल्ड/मेस'. २०१९ च्या अखेरीस बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांची यादी जाहीर केली, तीत ते होतं, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या इलेक्ट्रा कंपनीने त्याच्याशी करार केला. कुहाडचा श्रोता इंग्रजी शाळेतला. किंगचा श्रोता नांगलोईच्या मेट्रोतही आहे आणि वसंत कुंजातही. माझ्या मते किंगचं काम जास्त अवघड होतं, पण यावर आमच्या घरी वाद आहे. मुलगी कुहाडच्या बाजूने.

आता नोएडा. माझ्या घरापासून सेक्टर १६-ए ची फिल्म सिटी पंधरा मिनिटांवर. तिथून जाताना टी-सिरीजची पाटी दिसते. ती गोष्ट सुरू झाली दरियागंजात. गुलशन कुमारांच्या वडिलांचं फळांच्या रसाचं दुकान होतं. मुलगा कॅसेटच्या धंद्यात शिरला आणि १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज उभी राहिली, पुढे नोएडात कारखाना. तेव्हा एचएमव्हीची कॅसेट सामान्य माणसाला महाग होती आणि सगळीकडे मिळतही नसे. गुलशन कुमारांनी स्वस्त कॅसेट काढल्या आणि पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात ठेवल्या. कायद्यात एक फट होती. जुन्या गाण्याची नव्या गायकाच्या आवाजातली आवृत्ती काढता यायची. ती काढली. मूळ आवाज नव्हता, पण किंमत खिशाला परवडणारी.

पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये यावर 'कॅसेट कल्चर' नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. उत्तर भारतात कॅसेट आल्यावर ब्रज, हरियाणवी, गढवाली अशा बोलींतली गाणी कशी बाजारात आली, एकाच मोठ्या कंपनीची मक्तेदारी कशी मोडली, ते त्यात आहे. आणि याच माणसाने नंतर कॅरिबियन बेटांच्या संगीतावरही पुस्तक लिहिलं, जमैकाच्या ठेक्यांवर लेख लिहिला. म्हणजे दरियागंजची कॅसेट आणि सान हुआनची कॅसेट यांच्याकडे एकच माणूस बघत होता. मराठीतही हेच झालं. आनंद शिंद्यांचा पोपट घरोघरी उडाला तो कॅसेटवरूनच. त्याला कुणा हिरोची गरज पडली नाही.

त्या आवृत्त्या गाणाऱ्यांत एक मुलगा होता, फरिदाबादला जन्मलेला. वडील दिल्लीत लग्नसमारंभांत गायचे, त्यांच्याबरोबर हा चौथ्या वर्षापासून मंचावर. अठराव्या वर्षी वडील त्याला घेऊन मुंबईला गेले. तिथे टी-सिरीजने त्याच्याकडून रफींची गाणी गाऊन घेतली. सोनू निगम. १९९९ मध्ये त्याचा 'दीवाना' आला, सिनेमाबाहेरचा, प्रेमगीतांचा, तेव्हा कुठे तो रफींच्या सावलीतून नीट बाहेर आला. तोपर्यंत आठ वर्षं गेली होती. आणि दिल्लीहून मुंबईला जावंच लागलं होतं.

किंगला गाणं गाजवण्यासाठी आधी मुंबईला जावं लागलं नाही. हा फरक कशाने पडला? एक, जिओ. सप्टेंबर २०१६ पासून इंटरनेट इतकं स्वस्त झालं की गाणं ऐकायला वेगळे पैसे पडतात हेच लोक विसरले. दोन, यूट्यूब. नोएडाच्या त्याच टी-सिरीजचं चॅनेल २०१९ मध्ये दहा कोटी सदस्यांपर्यंत पोचलं. जगात तोवर कुणीच पोचलं नव्हतं. पण त्याच यूट्यूबवर भाच्याचंही चॅनेल उघडतं, फुकट. टपरीवर कॅसेट ठेवायला गुलशन कुमार लागत होते. आता टपरी प्रत्येकाच्या खिशात आहे.

मग कंपनीची गरजच काय? इथे आपण त्या चौदा पानांकडे येतो.

एका गाण्यात मालकीच्या दोन गोष्टी असतात. गायक पोरं इथेच फसतात. पहिली, शब्द आणि चाल. ती लिहिणाऱ्याची, बांधणाऱ्याची. दुसरी, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. ते ज्याने पैसे घालून करून घेतलं त्याचं, आणि ते साठ वर्षं त्याचं राहतं. भाच्याने स्वतः लिहिलं, स्वतः चाल लावली, स्वतः पांघरुणात रेकॉर्ड केलं. म्हणजे दोन्ही त्याचंच. करारात दोन्ही कंपनीला द्यायचं होतं. "संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज ज्ञात असलेल्या व भविष्यात शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत." मेहुणे म्हणाले, "विश्वात म्हणजे मंगळावर वाजलं तरी?" हो भावोजी, मंगळावर वाजलं तरी.

आपला कायदा इतका वाईट नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लिहिलंय की हक्क किती काळासाठी दिले ते करारात नसेल तर पाच वर्षं धरायची, आणि कुठे ते नसेल तर फक्त भारत. म्हणून तर कंपन्या 'कायमस्वरूपी' आणि 'विश्व' हे शब्द न विसरता घालतात. २०१२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी ती लावून धरली. त्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही, सिनेमाचं गाणं असो वा बाहेरचं. सही करून दिली तरी तो वाटा सुटत नाही. पण तो मिळायला आयपीआरएस या संस्थेत सदस्य म्हणून नाव नोंदवावं लागतं, गाणी नोंदवावी लागतात. माझ्याकडे येणाऱ्या दहा पोरांतल्या आठांनी हे नाव ऐकलेलं नसतं. आणि लक्षात घ्या, हे संरक्षण शब्द आणि चालीला आहे. मास्टर एकदा दिला की दिला.

माझ्यावरही एकदा हे गुदरलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका भजनाची चाल मी बांधली, ध्वनिमुद्रणही माझ्याच तळघरात झालं. तेव्हा मला चार हजार रुपयांची गरज होती, मी कागद न वाचता सही केली. ते भजन आजही नवरात्रात आमच्या सेक्टरच्या मंडपात वाजतं. मी प्रसाद घ्यायला रांगेत उभा असतो.

ठेक्याची मालकी हा तर आणखी वेगळा गुंता. स्टीली आणि क्लीव्हीच्या बाजूने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा दाखल झाला. पुढे त्याचा विस्तार झाला आणि दीडशेहून अधिक प्रतिवादी, सुमारे अठराशे गाणी त्यात आली. फोन्सी, डॅडी यांकी, बॅड बनी सगळेच. म्हणणं असं की तुम्ही सगळे ज्या आठ आकड्यांवर श्रीमंत झालात ते मुळात आमचे. आता ठेका कुणाच्या मालकीचा असू शकतो का? मला वाटतं नसावा. उद्या केरव्यावर कुणी हक्क सांगितला तर आपण सगळेच तुरुंगात. पण जमैकातल्या त्या दोन माणसांना काहीच मिळू नये हेही मनाला पटत नाही.

कंपनी वाईटच असते असं मात्र मी म्हणणार नाही. किंगचं गाणं निक जोनासपर्यंत पोचलं त्यामागे वॉर्नरसारखी जगभर कचेऱ्या असलेली कंपनी होती. ते इंदिरापुरमच्या पांघरुणातून होत नाही. पण क्रम बघा. गाणी आधी पसरली, माणूस आधी ओळखीचा झाला, आणि मग तो मोठ्या टेबलाशी बसला. तोवर त्याच्या हातात द्यायला काहीतरी होतं, त्यामुळे मागायलाही काहीतरी होतं. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा संजू राठोड बघा. २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' आलं, मराठीत, आणि मराठी न कळणाऱ्या माणसांनी त्यावर रील्स केले. माझ्या सेक्टरमधल्या पंजाबी बायकांनी तीजच्या कार्यक्रमात त्यावर नाच बसवला आणि शब्दांचा अर्थ विचारायला माझ्या बायकोकडे आल्या. पस्तीस वर्षं दिल्लीत राहून तिला एवढा मान पहिल्यांदा मिळाला. पुढच्या वर्षी 'शेकी' आलं, तेव्हा त्या विचारायला आल्या नाहीत, पाठच होतं.

तर भाच्याचं काय झालं? आम्ही तिघांनी, म्हणजे तो, मेहुणे आणि मी, कंपनीला एक साधं पत्र लिहिलं. पाच गाण्यांऐवजी दोन द्या म्हटलं. कायमस्वरूपीऐवजी दहा वर्षं. आणि बाकी गाणी त्याला स्वतःच्या चॅनेलवर टाकायची मोकळीक. बहीण तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिला वाटलं, मामाने हातचा घास घालवला. खरं सांगतो, तिसऱ्या दिवशी मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पंचवीस हजार म्हणजे त्याची वर्षभराची फी. आणि मी कोण सांगणारा, ज्याने चार हजारांत भजन विकलं?

कंपनीचं उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

डिसेंबरात त्याला मी माझ्या तळघरात बोलावला. पांघरुणाऐवजी नीट भिंती, नीट माइक. एक गिटारवाला मित्र आला होता. संध्याकाळी सहाला बसलो ते रात्री दीडला उठलो. मला गाणं आवडलं, पण दुसऱ्या कडव्यात तो उगाच घाई करतो. सांगितलं तर म्हणाला, "मामा, ती घाईच हवी आहे, तो घाबरलेला आहे." मी पुन्हा ऐकलं. बरोबर होतं त्याचं.

गाणं जानेवारीत त्याने स्वतःच्या नावावर टाकलं. आज सकाळपर्यंत ते चार हजार एकशे बारा वेळा वाजलं होतं. त्यातले दोनशे तरी बहिणीचे असावेत. गाण्याचं नाव सांगणार नाही, तो मागच्या रांगेत बसलाय आणि मघापासून मला थांबायच्या खुणा करतोय. प्रश्न असतील तर घेऊ. करारावरचे प्रश्न आधी.